चोथा

बाबा दुकानाचे मालक नव्हते, नोकर होते.
पण भिंतभर खणांतल्या कुठल्या खणात काय,
हे मालक त्यांनाच विचारायचा.
खणांवरची नावं कधीच पुसून गेलेली.
बाबा न बघता हात घालायचे,
तराजूची दांडी दोन बोटांत झुलवायचे
आणि पुडीला अशी गाठ मारायचे
की आजाऱ्याच्या थरथरत्या हातालाही
एका ओढीत सुटावी.

शिनहुईतल्या आमच्या गल्लीत
कुणाच्या ना कुणाच्या चुलीवर
मातीचं मडकं असायचंच.
तीन वाट्यांची एक वाटी होईतो आटवायचं.
काळंकुट्ट. नाक दाबून प्यायचं,
वर एक लाल चकती, आंबटगोड,
नाण्यांसारखी कागदात गुंडाळलेली.
मी आजारी पडायचो ते तिच्यासाठी.

उरलेला चोथा
आई मला पहाटे ओतायला पाठवायची,
उकिरड्यावर नाही, भर वाटेत.
"चार पायांखाली गेला की दुखणं चालायला लागतं."
कुठे जातं?
"ज्याच्या बुटाला लागेल त्याच्याबरोबर."
म्हणजे त्याच्या घरी?
"घर येईतो झडून जातं."
हे सांगताना ती माझ्याकडे बघायची नाही.

शाळेच्या आधी मी गल्ली वाचायला शिकलो.
लिऊ शिंप्याच्या दारात सुंठ, दालचिनीची साल: गुडघे.
म्हाताऱ्या आऊबाईच्या दारात आंबट बोरांच्या बिया,
रोज, ठेचलेल्या: झोप नाही.
आमच्या गावची संत्र्याची साल, तीन पाकळ्यांत सोललेली,
गोणीत बसून म्हातारी झालेली: खोकला, कुणाचाही.
आणि ज्येष्ठमध सगळ्यांकडेच,
प्रत्येक लग्नात बोलवाव्याच लागणाऱ्या
त्या एका काकांसारखं.

मी नऊ वर्षांचा असताना
क्वाँगबाईंच्या दारात एक चोथा दिसला.
बाई आम्हाला गणित शिकवायच्या. नवरा जहाजावर.
चौकोनी देठांचं ते गवत मी ओळखलं.
त्याचं नावच 'आईचं भलं'.
बाबा ते बाळंतिणींना बांधून द्यायचे.
बाईंच्या दोरीवर दुपटी नव्हती.
बाई आठवडाभर शाळेत नव्हत्या.

मला गणित सुटलं नाही.
पण गल्ली वाचणारा मी एकटा नव्हतो.
शिंप्याची बायको वळसा घालून भाजीला गेली.
आऊबाईनं आधी काठी पलीकडे टाकली,
मग स्वतःला.
दुपारपर्यंत तो तसाच,
एकही पाऊल न पडलेला,
कडेकडेनं सुकत.

शाळेतून येताना मी त्याच्यावर उभा राहिलो.
दोन्ही पायांनी.
कापडी बूट होते, ओल आत शिरली.
खिडकीतला पडदा हलला की नाही,
अजूनही सांगता येत नाही.

घरी आईनं तळवे पाहिले.
चिकटलेला देठ उचलून हुंगला.
मला वाटलं, आता मारते.
तिनं बूट नळाखाली धरले,
घासले नाहीत, नुसते धरले,
पाणी साफ झाल्यावरही.
रात्री बाबांनी चकत्यांची अख्खी गुंडाळी
माझ्या उशाशी ठेवली.
मी आजारी नव्हतो.

आता आम्ही अकराव्या मजल्यावर.
काढा दुकानातच यंत्रात उकळतो,
सीलबंद पिशव्यांत येतो.
पिशवीवर आकडा. वास नाही.
मागच्या महिन्यात बायकोसाठी चौदा पिशव्या घेतल्या
आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं,
चोथा मिळेल?
"त्याचं काय करणार?"
मला उत्तर आलं नाही, तरी ती आत गेली.
दोन पिशव्यांत घालून दिला, अजून कोमट होता.

पहाटे चौकात ओतला.
झाडूवाला थांबला.
चोथ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग वर, आमच्या इमारतीच्या
अजून दिवा असलेल्या खिडकीकडे.
झाडू खांद्यावर टाकला
आणि सरळ चालत आला.