ऐकणारी

ओतारूच्या उतारावर जुन्या यंत्रांचं दुकान.
कियोएची अट एकच: आठ हजार येनच्या आत.

"हे साडेचारला न्या. गुळगुळीत कागद,
शाईचा खर्चच नाही."
ती कागदावर नख ओढते. काळी रेघ.
ठाऊक आहे तिला हा कागद,
दोन उन्हाळ्यांत कोराच्या कोरा होतो.

आणि तिची गिऱ्हाइकं फोन करत नाहीत.
श्रवणयंत्र बिघडलं की लिहून धाडतात,
थरथरत्या अक्षरात:
'डावा कान. शिट्टी वाजते म्हणे.
मला नाही, नातवाला ऐकू येते.'

असली पत्रं पुसून कशी चालतील?
साध्या कागदाचं घेते. सात हजार आठशे.

"घंटा फार कर्कश आहे हं," दुकानदार बजावतो.
"वाजू दे," ती पाकीट उघडते,
"तारेच्या दोन्ही टोकांत
ऐकणारी मी एकटीच."