बंद करण्याआधी

केझियानं फोनवर दाखवली ती पर्स,
पुण्याच्या दुकानात काचेआड, एकटी,
डोक्यावर तिच्यापुरता दिवा.
किंमत म्हणजे माझं पाच महिन्यांचं पेन्शन.
म्हटलं, शिवण बघू दे.
दोन बोटांनी फोटो मोठा केला.
तिरपे टाके, एका मापाचे.
म्हटलं, हे मला येईल.

खरं तर येत नव्हतं.
एकतीस वर्षं थिएटरात
होल्डरला सुई लावून मी नुसती दिली
आजगावकर डॉक्टरांच्या न बघता पुढे आलेल्या हातात.
टाका त्यांचा.
दोरा कापायची कात्री तेवढी माझी.

मिरजेत स्टेशनमागच्या गल्लीत म्हशीचं कातडं मिळालं,
बाभळीच्या सालीत कमावलेलं.
दुकानदार म्हणाला, घरी शिवणार? तुम्ही?
मग जरा थांबून, आडनाव काय?
म्हटलं, सिस्टर.
त्यानं पट्टी लावली, कापलं,
आणि एक कोपरा जास्तीचा दिला.

घरभर वास.
ह्यांनी खिडक्या उघडल्या.
मांजर दोन दिवस कपाटावरून उतरलं नाही.

कागदाचा नमुना सरकत होता,
म्हणून जुन्या एक्स-रेची फिल्म कापली.
झाकणाच्या जागी कुणाच्या तरी बरगड्या आल्या,
एक मोडून नीट जुळलेली.
त्याच्या कडेकडेनं रापी फिरवली,
हळू, त्याला कळू न देता.

शेजारच्या मुनीरचाचांनी
सतारीच्या घोडीतून उरलेला हाडाचा तुकडा दिला
कडा घासायला.
म्हणाले, आवाज येईपर्यंत घासा.
कसला, ते सांगितलं नाही.
तिसऱ्या दिवशी आला.

टाक्यांच्या खुणा जेवायच्या काट्यानं.
भोकं आरीनं.
पदर धरायला चार आर्टरी फोर्सेप,
निवृत्तीच्या दिवशी माझ्या पिशवीतून घरी आलेले
(कुणी विचारलं नाही).
अस्तर हिरव्या चादरीचं. तेही असंच.
दोरा एक, दोन टोकांना दोन सुया,
एकाच भोकातून समोरासमोर,
अरुंद बोळात दोघी बायकांनी
अंग चोरून एकमेकींना वाट द्यावी तशा.

सातवं भोक चुकलं. कुकरची शिट्टी.
माणसाची कातडी चूक पोटात घालते,
आठ दिवसांत मिटते,
फार तर एक पांढरी रेघ ठेवते.
ह्या कातड्याला काही विसरता येत नाही.
भोक तिथंच राहिलं, माझ्याकडे बघत.

रात्री साडेअकराला शेवटची गाठ.
मग सवयीनं मोजणी.
फोर्सेप चार. काटा एक. आरी एक. सुया
एक.

टेबलाखाली नाही, चटईत नाही, पदरात नाही.
हे झोपेतूनच म्हणाले, अगं सापडेल सकाळी.
थिएटरात असं कुणी म्हणत नाही.
मोजणी चुकली की पोट बंद होत नाही,
डॉक्टर कितीही मोठा असो,
बाहेर नातेवाईक कितीही ताटकळलेले.
तिथं माझा शब्द चालायचा.
दिवसातून एकदाच, पण चालायचा.

मी पर्स उसवली. एकोणीस टाके.
आत हात घालून चार बोटांनी कोपरे चाचपले.
काही नव्हतं.

सुई मेणबत्तीत होती,
नाताळच्या उरलेल्या,
दोऱ्याला मेण लावताना मीच खोचून ठेवलेली,
वातीशेजारी सरळ उभी,
ओरडा खायची वाट बघत असल्यासारखी.

सुया दोन, म्हटलं मोठ्यानं,
झोपलेल्या घरात. काउंट बरोबर.
डावा हात आपसूक पुढे आला.
उजव्यानं त्यात सुई दिली.
जुन्या भोकांतून दोरा न अडता गेला.

केझिया विचारते, मावशी,
ह्या सातव्या टाक्याला काय झालं?
म्हटलं, वरणभात झाला.