एका सेडीचं

माझी छत्री पिवळी आहे, कंपनीची.
खाली टेबल, टेबलावर खरवडायची कार्डं,
चार्जिंगच्या वायरींचा गुंता,
आणि समोर आक्राचा अख्खा माकोला बाजार
डोक्यावर ओझी घेऊन चाललेला.

कोण किती इंटरनेट घेतं, ते मला विचारा.
बँकेतला कारकून महिन्याचं एकदम भरतो,
पाठ फिरवतो, उरलं किती ते विचारतही नाही.
मेमुनातू रोज एका सेडीचं घेते.
तेवढ्यात किती बोलणं मावतं
हे तिला घमेल्यातल्या कांद्यांसारखं
मानेनेच कळतं.

अंगठ्याने उघडत नाही तिचा फोन.
घमेल्याची कड धरून धरून
बोटांवरच्या रेषा पुसल्या आहेत.
फोन म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा.
ती करते.
हात कापडाला पुसून परत करते,
जणू चूक घामाची होती.
मग ठिपक्यांवरून बोट ओढते: उलटा सात.
सात वगैरे तिला ठाऊक नाही.
तिच्या लेखी ते येंडीच्या रस्त्यावरून
घराकडे आत वळणारं वळण आहे.

नावांच्या जागी चित्रं ठेवलीत तिने.
बहीण म्हणजे बकरी.
खोलीची मालकीण, कुलूप.
मी छत्री.
आणि वुंपिनी, तिचा मुलगा, आंबा.

आंबा बोलायचा. रोज, मिनिटभर.
त्याच्यामागे पिठाची गिरणी धडधडायची,
कुणीतरी हापसा हापसत असायचं,
आणि ही इथे, ट्रकच्या सावलीत,
फोन कानाला नाही, गालाला लावून बसायची.

मार्चमध्ये पहिल्यांदा अक्षरं आली.
तिने फोन माझ्यापुढे धरला.
"बिघडला," म्हणाली. "बोलत नाही."

बिघडला नव्हता.
मुलगा सातवीत गेला होता.

मी वाचलं. इंग्रजीत होतं.
'आई, मी बरा आहे. गणितात वीसपैकी नाइन्टीन.
आवाज पाठवला की जास्त कापतात, लिहिलं की कमी.
तुझे पैसे वाचतील.'
मी ते बाजाराच्या ट्वीत सांगितलं.
तिने ओठ हलवत हलवत
आपल्या दागबानीत नेलं.
इतक्या हातांतून जाताना
पोर थोडं सांडलंच असणार.

"हे तू बोलतोयस," ती म्हणाली.
"तो 'बरा आहे' म्हणायच्या आधी नाक ओढतो."

आता मी नाक कुठून ओढू?
माझे वडील केटाला मास्तर होते.
माझी पत्रं लाल शाईने तपासून
त्याच पाकिटातून परत पाठवायचे.
अजूनही हॅम्बुर्गच्या बहिणीला दोन ओळी लिहिताना
मी तीनदा खोडतो,
आणि शेवटी नुसता अंगठा पाठवतो.
ती समजते, भाऊ कंजूष आहे.

मेमुनातू बराच वेळ उभी राहिली.
गिऱ्हाईक खोळंबलं, मी काही म्हटलं नाही.
ज्या लिहिण्यासाठी चार वर्षं कांदे वाहिले
ते लिहिणं आलं होतं दारात,
आणि त्याला पाट मांडावा
की परत पाठवावं, हे तिला सुचेना.

"लिहून टाक त्याला," म्हणाली,
"म्हणावं, लिहू नकोस."
मी अक्षरं काढायला घेतली.
"थांब."
थांबलो.
"नको. लिहू दे त्याला."

मग कमरेची गाठ सोडून
तिने दोन सेडी काढल्या.
एक तिच्यासाठी, एक आंब्याच्या नंबरावर.
"वाचवायचे नाहीत म्हणून सांग.
नाही, तू नको सांगूस."

माझ्याकडे पाठ केली,
अगदी कारकुनासारखी,
आणि बटण दाबून धरून
ती बोलत राहिली, बोलत राहिली.
दागबानी मला येत नाही.
त्यातला एकच शब्द मला कळला:
नाइन्टीन.
दोनदा म्हणाली.