तोंडपाठ

वारज्यात, पिठाच्या गिरणीच्या वर,
संध्याकाळी सातची बॅच.
फळ्यावर मी लिहिलं : मेमराइज.
खाली : पाठ करणे. क्रियापद. सकर्मक.
म्हणजे कर्म लागतं त्याला,
फोन नंबर, कविता, पाढे.
माणूस चालत नाही.
आय मेमराइज्ड माय मदर असं म्हणायचं नाही.
आईसाठी रिमेंबर.

इंग्रज हे काम काळजाकडे देतात, मी म्हटलं,
बाय हार्ट.
आपण ठेवतो गळ्यात, जिभेवर,
नाहीतर एकाच शब्दात तोंड आणि पाठ,
जन्मात एकमेकांना न दिसणारी.

मागच्या बाकावरून द्रुपदा वाघचौरे म्हणाली,
बाई, मला रोज दिसतात.

ती एरंडवण्यात मोघे आजोबांना सांभाळते,
सकाळी आठ ते सहा.
आंघोळीला स्टुलावर बसवून
पाठ चोळायला घेतली की
ते भिंतीकडे बघत औटकी म्हणतात :
बे औटे सात, तीन औटे साडेदहा,
चार औटे चौदा.
न अडखळता. बँकेत होते.
मुलाचा फोन आला की मात्र, कोण आपण?
द्रुपदाला रोज नव्यानं नाव विचारतात,
रोज म्हणतात, वा, जुनं नाव आहे.

मग वहीत बोट ठेवून तिनं वाक्य केलं :
ही मेमराइज्ड. ही डझ नॉट रिमेंबर.
बरोबर, मी म्हटलं.
इतकं बरोबर वाक्य या बॅचमध्ये कुणी केलं नव्हतं
आणि मला फळा पुसावासा वाटला.

तिचं संपलं नव्हतं.
परवा मंगळवारी ते सात औट्यांवर थांबले.
पाणी गार होत चाललं. खांदे आखडले.
अन् मी मागनं बोलले, साडेचोवीस.
मला पावकीसुद्धा येत नाही, बाई.
चौथीत शाळा सुटली.
घोकलं नाही, ठरवलं नाही,
हाताला साबण होता आणि तोंडातनं आलं.
शाबास म्हणाले,
आठ औटे अठ्ठावीस म्हणून गेले पुढं.
ह्याला काय म्हणायचं? मेमराइज?

मी खडू धरून उभी.
खाली कुणाची तरी ज्वारी पडली चाकीत,
फरशी थरथरायला लागली.
उद्या सांगते, म्हटलं.

वह्या तपासताना दिसलं :
पाठ तसंच ठेवून
तिनं करणे खोडलं होतं,
वर लिहिलं होतं होण.
मात्रा राहिली होती.
ती मी दिली.