खजिनदाराची वही

क्लबाची मालमत्ता: पत्र्याची एक ट्रंक,
दोन चेंडू, त्यातल्या एकात हवा टिकत नाही,
अकरा बिब्स, पूर्वी सोळा होत्या,
आणि मी.

दारूखाना स्पोर्टिंग, तिसरी डिव्हिजन.
नाव ऐकून लोक हसतात,
त्यांना वाटतं गुत्त्यावरची पोरं असतील.
किती जणांना सांगू की ती दारू बंदुकीची होती,
आणि आता तीही नाही,
आता नुसतं लोखंड,
मोडलेल्या जहाजांचे नांगर आणि साखळ्या.

पोर्ट ट्रस्टात बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मालाचं वजन लिहिलं.
रिटायर झालो त्या संध्याकाळी इग्गी रिबेलो म्हणाला,
घाग, तुझं अक्षर चांगलंय,
तू पैसे सांभाळ.
कुठले पैसे, ते त्याने सांगितलं नाही.

मैदानाचं भाडं. रेफ्रींचं मानधन. चुना.
ॲम्ब्युलन्स सक्तीची आहे.
ती गेटाशी उभी राहते, ड्रायव्हर आत घोरतो,
आणि मी मनात म्हणतो, झोप बाबा,
तू झोपलास तर आमचं भागलं.
हाफटाइमला केळी,
पूर्वी दोन डझन, आता मोजून चौदा.
आमचा राखीव गोली म्हणतो, मी केळं खात नाही.
खातो तो. मला माहितीये.

जर्सीच्या पाठीवर मेराजशेठ साखळीवाल्यांचं नाव अजून आहे.
त्यांना जागा खाली करायची नोटीस आली,
गोडाऊन तळोज्याला गेलं,
पैसे थांबले.
नाव मात्र पक्क्या रंगाचं, कितीही धुवा.

नोंदणी, दंड, मागली बाकी:
चोवीस हजार सहाशे, शनिवारच्या आत.
नाहीतर लीगमधून नाव कट.
आणि गुरुवारी अंधेरीच्या क्लबाचा माणूस आला,
पहिली डिव्हिजन, एसी बस,
त्याला अरोक्यराज हवा होता.

अरू. दिवसभर गॅसकटरने प्लेटा कापणार,
संध्याकाळी डाव्या पायाने
तसाच बचाव कापणार, सरळ रेषेत.
ना-हरकत पत्राचे पंचवीस हजार, रोख.

जिन्याखाली बसून कमिटीने चहा संपवला.
कमिटी म्हणजे आम्ही तिघं.
कुणी काही बोलेना.
अरूच म्हणाला, सर, मी गेलो तर गोल कोण मारेल?
पाणी कोण भरेल, असं विचारावं, तसं.
इग्गी म्हणाला, तू जा रे.
मी सही केली.
माझं चांगलं अक्षर त्या कागदावर चांगलं आलं नाही.

क्लब वाचला.
वर उरले चारशे, ते धोब्याला दिले.

डिसेंबरात नॉकआउटचा ड्रॉ निघाला
तर समोर अंधेरीच.
सहा शून्य. त्यातले चार त्याचे.
एकदाही हात वर केला नाही त्याने,
प्रत्येक वेळी जाळ्यातून स्वतः चेंडू काढला,
अंगठ्याने दाबून हवा पाहिली, जुन्या सवयीने,
आणि आमच्या गोलीच्या हातात दिला.
पाचव्या गोलानंतर इग्गी पाठ फिरवून
ॲम्ब्युलन्सचा नंबर वाचत उभा राहिला.

मॅचनंतर एसी बसकडे न जाता अरू ट्रंकेपाशी आला.
क्लब चालू आहे ना, सर?
म्हटलं, चालू आहे.
नवे बूट होते त्याचे, तो एका पायावर उभा राहून
दुसऱ्याचा चिखल काढत बसला
बराच वेळ.

रात्री वही उघडली.
ते चार गोल कुठल्या बाजूला मांडायचे
ते मला अजून उमगलेलं नाही.
जमेला धरले तर ऑडिटर हसेल,
खर्चाला धरायला हात होत नाही.

एक गोष्ट तेवढी लिहिली.
केळी सवयीने चौदाच आणली होती,
पोरं तेरा.
राखीव गोलीने माझ्याकडे बघत बघत
उरलेलं सोललं,
आणि मी दुसरीकडे पाहिलं.