दोन सूत

यावलच्या स्टँडमागे, कुरियरच्या काउंटरवर
उखर्डू मिस्त्रीने खोकं उघडलं.
‘ही बाजू वर’ असा बाण,
बाणावर बुटाचा ठसा.

आत नवी पाणसळ. काच तडकलेली,
हिरवं पाणी पुठ्ठ्याने पिऊन टाकलेलं,
बुडबुडा
तापीच्या पुलावरच कुठेतरी उतरून गेलेला.

‘सही करा काका. माल सुस्थितीत.’
‘सुस्थितीत?’
‘छापूनच येतं तसं.’

मिस्त्री काही बोलला नाही.
पिशवीतून जुनी नळी काढली,
माठातलं पाणी भरलं,
एक टोक पोराच्या हातात दिलं.
धर. हालू नको.

पाणी थरथरलं,
बराच वेळ थरथरलं,
थांबलं.

‘काउंटर दोन सूत उतरतंय, भाऊ.
तुझ्याकडे.’

आणि पेन ठेवलं.
ते गडगडत गेलं.