साडेसत्तावीस पळं

तिवंधा चौकात, चिवड्याच्या दुकानावर
गायधनी शास्त्रींच्या दोन खोल्या.
जिना चढताना तळलेल्या दाण्यांचा वास
आणि वर, लाल फडक्यात, गुरूंच्या गुरूंची पोथी.
तिच्यावरून ते ग्रहणाचं गणित मांडायचे:
गुणाकार, भागाकार, हातचा,
मध्येच तपकिरीची चिमूट.

मी नाशिकरोडची. वडील नोटांच्या प्रेसमध्ये.
तिथे केसाएवढी रेघ सरकली
तरी अख्खा ताव जाळतात.
त्या घरातली मुलगी मी,
पोथीपुढे बसले की बोटं शिवशिवायची.

वैशाखातलं ग्रहण मी गाडगे महाराज पुलावरून पाहिलं.
पोथीनं सांगितलेल्या घटकेला
घाटावरची माणसं पाण्यात शिरली,
आणि चंद्र वर कोरा.
थाळीसारखा वाजवावा इतका कोरा.
मनगटावरचं घड्याळ अकरा मिनिटं चाललं,
तेव्हा कुठे कडेला डाग लागला.

दुसऱ्या दिवशी किती बोलायचं ठरवून गेले;
तोंडातून निघालं एवढंच, "अकरा मिनिटं, शास्त्रीबुवा."
वाटलं, फडकं बांधतील,
उद्यापासून येऊ नकोस म्हणतील.
त्यांनी एक पान काढून उजेडाला धरलं.
एका आकड्याशेजारी कागद इतका झिजलेला
की पलीकडचा रस्ता दिसावा.
"साडेसत्तावीस पळं," म्हणाले. "चौतीस वर्षं झाली.
इथे लिहिलं. गुरुजी होते म्हणून खोडलं.
ते गेल्यावर पुन्हा लिहिलं.
ते गेले म्हणून पुन्हा खोडलं."

खाली कढईत पोहे पडल्याचा चर्र आवाज.
मी म्हटलं, आमच्या प्रेसमध्ये चूक जाळतात.
"जाळलीस, तर पुढच्याला कळणार कसं
आम्ही कुठवर चालत आलो होतो?"
माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली,
दौत पुढे सरकवली.
झिजलेली जागा टाळून, समासात, मी आकडा लिहिला.
शाई थोडी पसरलीच.

पुढचं ग्रहण कार्तिकात, पाण्याला धार असते तेव्हा.
शास्त्रीबुवा जुन्या वेळेला गोदेत उतरले
आणि नव्या वेळेपर्यंत उभे राहिले.
अकरा मिनिटं, छातीइतक्या पाण्यात,
दात वाजतायत,
ओठांवर मंत्र आहे की शिवी, कळेना.
मी पायरीवर, त्यांचा पंचा धरून.

"झाला का स्पर्श?"
"अजून नाही."
"नीट बघ."
"बघतेय."